थांबा म्हटलं की थांबायचं

आमचे हे ऊस पिकवतात, पण दरीत कुणी पडलं असा फोन आला की उसाला सोडलेलं पाणी तसंच टाकून दोर घेऊन पळतात. मागच्या पावसाळ्यात एका पोराला वर काढताना दोर कड्याच्या धारेवर घासला आणि निम्मा सोलला. पोरगं वाचलं, हेही वाचले. पण तो सोललेला दोर बघितला आणि माझं डोकंच फिरलं. "बास झालं, थांबा आता!" म्हटलं. एकदा नाही, रोज म्हणत होते. ऐकेल तर तो नवरा कसला!

मग साताऱ्याजवळ ह्यांच्या बचाव पथकाचं पुढचं ट्रेनिंग लागलं. हे म्हणाले, "अगं, त्याच्यासाठीच हाय हे. दोर धारेला टेकूच द्यायचा न्हाई."

"मग मी पण येणार. न्हाई पटलं तर दोर बंबात घालीन."

कड्याच्या टोकाला पथकातल्या लोकांनी धातूची, माणसापेक्षा उंच, तीन पायांची घोडी उभी केली. पाय एकमेकांना बांधले, घोडी कलू नये म्हणून मागून ताणाचे दोर बांधले, वर कप्पी लावून त्यातनं दोर खाली सोडला. ताण बांधायचं काम ह्यांच्याकडं. सकाळभर वाळूची पोती वर-खाली केली. मग शिकवणारे सर, फौजेतनं निवृत्त झालेले, म्हणाले, "आता जिवंत माणूस घेऊ."

मी पदर खोचला. "माझ्या नवऱ्यानं बांधलंय न्हवं? मग मीच जाते."

ह्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. सर आधी नाहीच म्हणाले, पण मी कसली हटते! शेवटी त्यांनी एकेक गाठ स्वतः तपासली, जादा दोर लावला, मला स्ट्रेचरवर पट्ट्यांनी आवळलं. "ताई, एकच नियम. कुणीही 'थांबा' म्हटलं की सगळं थांबतं. मग तुम्ही 'चला' म्हणेपर्यंत कुणी हलणार नाही."

खाली गेले तेव्हा देवाचं नावसुद्धा आठवेना. वर येताना कड्याची धार जवळ आली आणि तो सोललेला दोर डोळ्यापुढं आला. तोंडातनं निघालंच, "थांबा!"

सगळं थांबलं. का म्हणून कुणी विचारलं नाही, 'काय होत न्हाई' असंही कुणी म्हटलं नाही. हेसुद्धा दोर धरून जागच्या जागी, माझ्याकडं बघत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस माझ्या शब्दावर थांबला होता! मी मान वळवून बघितलं. दोर धारेपासून चांगला हातभर लांब, हवेत. हातभर! इतक्या महिन्यांचं छातीवरचं ओझं उतरलं, रडूही आलं आणि हसूही.

"चला," म्हटलं. स्ट्रेचर अलगद आत आलं.

पट्ट्या सोडता सोडता ह्यांनी विचारलं, "का थांबवलंस गं?"

"बघत हुते, थांबताय का."

परवा जेवताना फोन वाजला. दरीत कुणीतरी अडकलं होतं. हे ताटावरनं उठले, बूट घातले, दोर खांद्यावर टाकला आणि उंबऱ्यातच उभे राहिले. एवढी घाई, पण पाय उचलेनात. माझ्याकडं बघत होते.

"चला," मी म्हटलं.