मावशीचा डोळा

शिमग्यात रंगणाऱ्या आमच्या नमनाच्या खेळात मावशीने डावा डोळा मारला की बायका पदरात तोंड लपवून हसायच्या आणि मुंबईहून आलेले चाकरमानी शिट्ट्या मारायचे. गौळणींना मथुरेच्या बाजाराला नेणारी ही मावशी म्हणजे पन्नाशीचा बाप्या, एरवी चिरेखाणीवर राबणारा. लुगडं नेसलं की त्याची चालच बदलायची. गावही त्याला बारा महिने मावशीच म्हणायचं. खरं नाव रेशनकार्डावर तेवढं उरलं होतं.

तो डावा डोळा नकली होता. सात वर्षांपूर्वी खाणीवर जांभ्याची कपची उडाली आणि डोळा काढावा लागला. डॉक्टरांनी आत गोळा बसवला, वर हुबेहूब दिसणारा डोळा दिला. पुढच्याच शिमग्याला मावशी उभी राहिली आणि तोच डोळा मारला. आम्ही तोंडात बोटं घातली. तेव्हापासून लोक नमनाला येत ते निम्मे त्या डोळ्यासाठी. मी गौळण होऊन शेजारीच उभा असायचो. प्रेक्षक थंड वाटले की कुजबुजायचो, "मावशे, मार ना डोळा!" ती मारायची.

अधूनमधून मात्र तो तालमीला दांडी मारायचा. विचारलं तर एकच उत्तर, "घरी पावणी आलेय." आम्ही चेकाळायचो. "वहिनीस ठावक हाय काय रं?" तो गालावर ओला रुमाल दाबून आमच्याबरोबर हसायचा.

गेल्या शिमग्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. मुलगा मुंबईला, म्हणून त्याला रत्नागिरीला डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. "कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"डोळा काढल्यापासना. पावणी येते, दोन दिस ऱ्हाते, जाते."

पावणी म्हणजे ही!

"इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलेला. सगळी म्हनली, जो डोळाच नाय तो दुखंल कसा? मगे मलाच लाज वाटली."

डॉक्टरांनी हलकेच दाबून पाहिलं आणि मावशीने डोळा मारला. अगदी तस्साच. "आतला गोळा सरकलाय," डॉक्टर म्हणाले. "कळ आली की पापणी अशी ओढली जाते."

सात शिमगे आम्ही या कळेवर हसत होतो. बाहेर आल्यावर मी चिडूनच विचारलं, "आणि मी सांगायचो तेव्हा कसा मारायचास?"

"पदराआडून आंगठ्यान् दाबायचो," तो म्हणाला. "गावाला आवडता ना!"



गोळा बदलला. पावणी अजून येते, पण उभ्या उभ्या येऊन जाते. पापणी मात्र गप्प झाली, आणि तो त्याचीच काळजी करत बसला. "आता माज्या मावशीत काय ऱ्हायला?" मी म्हटलं, पुष्कळ राहिलंय. त्याला ते पटलं नाही.

यंदा गावच्या पूजेला दुपारीच नमन लावलं. गौळण सुरू झाली आणि पुढच्या रांगेतून ओरडा आला, "मावशे, डोळा!" मी दातांतल्या दातांत म्हणालो, "नको." मावशी कमरेवर हात ठेवून प्रेक्षकांकडे वळली आणि तिने उजवा डोळा मिटला. चांगला, एकुलता एक. मांडव हशाने दणाणला.

तिचा हात चाचपडत माझ्या मनगटावर आला. "धरून ठेव रे," मावशी पुटपुटली, "काय दिसत नाय."

समोरून वन्समोअर आला. मावशीने पुन्हा तोच डोळा मिटला.