डाग कशाचा आहे?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत जिन्याखाली अंबादासभाऊ खिल्लारे यांचं इस्त्रीचं टेबल आहे. कपडा हातात आला की ते आधी तो उजेडाकडे धरतात, कुठे डाग दिसला तर त्याभोवती खडूने गोल काढतात आणि विचारतात, "कशाचा आहे? खरं सांगा. लोक चहा म्हणतात आणि निघते दारू. मग कापड वाया जातं."

हिंगोलीकडच्या खेड्यातून ते एकोणिसाव्या वर्षी मुंबईत आले आणि आमच्या इमारतीच्या पुढच्या बाजूला असलेल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लागले. अठ्ठावीस वर्षं डाग काढले. त्या कामात त्यांचं नाक गेलं. आमटी करपली तरी बायकोने, शकुवहिनींनी, सांगेपर्यंत त्यांना कळत नाही. पुढे मालक वारले, दुकान बंद पडलं, आणि सोसायटीने त्यांना जिन्याखालची जागा दिली. त्या परवानगीचं पत्र माझ्या फाइलमध्ये आहे. त्यात लिहिलंय, 'सोसायटीची मर्जी असेल तोवर.'

मी परुळेकर, सोसायटीचा सेक्रेटरी. यंदा मे महिन्यात दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. पाणीकपात सुरू झाली, म्हणून मागच्या विहिरीचं पाणी नळाला जोडायचं ठरलं. आणि त्या बंद दुकानाच्या नव्या भाडेकरूने फरशी उखडली, तेव्हा खालून गोडसर वास आला. अत्तराच्या रिकाम्या बाटलीला येतो तसा. तळमजल्यावरचे लोक म्हणाले, "हा पेट्रोल वॉशचा वास." दुकानाच्या जुन्या पाटीवरही 'पेट्रोल वॉश' असंच होतं; पूर्वी ड्रायक्लीनिंगला तेच म्हणत. तेव्हा मी प्रयोगशाळेला रीतसर पत्र लिहिलं: विहिरीत पेट्रोल आहे काय, ते तपासावे.

तिथून तेजल नावाची मुलगी आली. तिने विहिरीच्या पाण्याचा वरचा थर बाटलीत घेतला, कारण पेट्रोल तरंगतं. अहवाल आला: आढळले नाही. मी तो फाइलला लावला. रविवारी सकाळी पंप सुरू होणार होता.

शनिवारी दुपारी मी ही बातमी अंबादासभाऊंना सांगायला खाली उतरलो. आवारातल्या फणसाची सावली टेबलापर्यंत आली होती. ते कपड्यावर पाणी शिंपडत कोळशाची इस्त्री फिरवत होते आणि वाफेत त्यांचा चेहरा विरून पुन्हा जमत होता. माझं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले, "साहेब, ते पेट्रोल नव्हतं."

"पाटीवर तर होतं."

"पाटी लोकांसाठी. आधी पेट्रोलच वापरायचे, तेच नाव राहिलं. आमच्या वेळी दुसरं औषध यायचं. एकदा मी काचेच्या बरणीत पाणी घेतलं आणि वरून ते ओतलं. सरळ तळाला गेलं. पाण्याखाली पाणी, साहेब. मधे नुसती एक रेघ. शर्टाचं एक बटण आत पडलं, ते त्या खालच्या पाण्यात चंद्रासारखं दिसत होतं. मी किती वेळ बघत बसलो होतो."

ते बोलत होते आणि मलाही ती बरणी दिसायला लागली. ते म्हणाले, हल्ली स्वप्नात ते खालचं पाणी आपल्या इमारतीखालून चालतं. घाई नाही, आवाज नाही. सोबत लोकांचे सगळे डाग घेऊन. लग्नातली हळद, बाळाचं काजळ, कुणाच्या सदऱ्यावरची शाई. कुणाचं काय ते त्यांना ओळखू येतं.

"पण ते जमिनीत गेलं कसं?"

त्यांनी फणसाकडे बोट दाखवलं. "दर शनिवारी मशीनच्या तळाचा गाळ तिथं खड्ड्यात ओतायचो. मीच. मालक म्हणायचे, मातीत मुरतं, संपतं. मला खरं वाटलं."

शकुवहिनी डबा घेऊन मागे उभ्या होत्या. "बोललात? आता जागा गेली म्हणून समजा. इतकी वर्षं गप्प बसलात, तसंच बसायचं होतं."

"उद्या नळाला येणार ते, शकु. दुसऱ्या मजल्यावर तान्हं लेकरू आहे."

वहिनींनी डबा टेबलावर आपटला. "मग जेवून तरी घ्या."

मी तिथूनच पंपवाल्याला नको म्हणून कळवलं आणि तेजलला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही पत्रात पेट्रोल लिहिलंत, म्हणून मी वर शोधलं. हे तर तळाशी शोधायचं असतं!"

या वेळी तिने वजन बांधलेली नळी थेट तळापर्यंत सोडली. आठ दिवसांनी अहवाल आला. होतं. भरपूर होतं.

सोसायटीच्या सभेत नंदू परब नावाचा एक सभासद उसळला. "म्हणजे यांनीच वाट लावली ना? आणि रोज आपलेच शर्ट यांच्याकडे! झकास!"

मी आधी माझं पत्र वाचून दाखवलं, तारखेसकट. 'पेट्रोल' हा शब्द माझा होता. आणि ते बोलले नसते, तर तेच पाणी आज सगळ्यांच्या घरात असतं. नंदू खाली बसला, पण त्याचं तोंड वाकडंच होतं. जिन्याखालच्या जागेचा निर्णय कुणीच घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तेजलने अंबादासभाऊंना विचारलं, "आजोबा, जमिनीला भोकं पाडून तपासायचंय. कुठे कुठे ओतलंत ते आठवेल?"

त्यांनी खिशातून खडू काढला. फणसाखाली वाकून मोठा गोल काढला. मग झोपेत चालल्यासारखे सावकाश निघाले. इथे पिंप गळायचं, गोल. इथून गटाराचा उतार, गोल. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलताहेत. आम्ही सगळे मागून चाललो होतो. सोसायटीचं आवार कुणीतरी धुवायला टाकलेल्या चादरीसारखं दिसायला लागलं.

शेवटी ते जिन्यापाशी थांबले. "दुकानाच्या मोरीचा पाइप याच्या खालून जायचा. फुटका होता." असं म्हणून ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी स्वतःच्या टेबलाभोवती गोल काढला. पूर्ण, कुठेही न तोडता.

"इथेही पाडावं लागेल," तेजल हळूच म्हणाली.

"हो. टेबल काढतो."

त्यांनी एक टोक धरलं. दुसरं धरायला मी पुढे होत होतो, तोच नंदूने मला बाजूला केलं.

"सोडा परुळेकर, तुमची कंबर जाईल. उचला, अंबादासभाऊ."

"कुठं ठेवायचं?"

"गेटजवळ ठेवू. तिथे गोल नाही ना काढलात?"

अंबादासभाऊ थांबले, मान वळवून गेटकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "नाय. तिथं नाय."