टाळेबंदीत सुटलेलं पोट

हसायचं तर आधीच हसून घ्या, कारण मी आज माझ्या पोटाबद्दल बोलणार आहे. भर सभेत, लाउडस्पीकरसमोर, या पोटाने माझ्या बापाचं नाक कापलं!

आम्ही अंबरनाथला राहायचो. बाबा तिथल्या एका कारखान्यात फिटर आणि युनियनचे खंदे कार्यकर्ते. मी अकरावीत, उल्हासनगरच्या कॉलेजात. अंगाने कसा? दोरीवर शर्ट वाळतोय की मी उभा आहे, हे आईलासुद्धा नीट निरखून बघावं लागायचं.

बाकावर शेजारी हरीश. सिंध्याचा पोरगा, वडिलांचं कापडाचं मोठं दुकान, घरात फ्रिज, रंगीत टीव्ही. आणि स्वतः हरीश एवढा, की तो बसला की मी बाकाच्या टोकावर लोंबकळायचो. डॉक्टरने त्याला दम भरला होता, वजन उतरव.

"कैसे उतरवू यार? मम्मी सुनतीच नाही," तो रडकुंडीला यायचा. डब्यात रोज कोकी, म्हणजे त्यांची ती जाड, कांदा घातलेली पोळी. तुपात न्हाऊन आलेली! सोबत तळलेले बटाटे, वर मिठाई.

त्याच सुमारास बायोलॉजीच्या मॅडमनी प्रोटीन शिकवलं. प्रोटीनने शरीर बनतं, एवढं मी ऐकलं. ते कशात असतं हे त्या सांगत होत्या, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. मग उरलेलं संशोधन मीच केलं. एवढी भारी वस्तू गरिबाघरी कशाला येईल? असणार तर तुपात, मिठाईत! आमच्या डब्यात काय, तर मटकी, चणे, कधी सुकट. रेशनच्या पिशवीतून कधी प्रोटीन येतं का?

"हरीश, तुला प्रोटीन जास्त झालंय," मी निदान केलं. "माझ्या डब्यात ते नावालाही नाही. डबे बदलूया."

"पक्का पतला होईन?"

"माझ्याकडे बघ ना!"

एवढा धडधडीत पुरावा समोर असल्यावर तो काय बोलणार? बदलले डबे.

पावसाळा सरेपर्यंत हरीशच्या पँटी ढगळ झाल्या. अंग हलकं झालं तसा तो कबड्डी खेळायला लागला, दंड भरले, खांदे दिसायला लागले. आणि मी? हातपाय तसेच काड्या, मध्ये मात्र मडकं! मला वाटलं, बॉडी बनायला सुरुवात पोटापासून होत असेल, मग हळूहळू वर सरकेल. आईला वाटलं, जंत झाले. तिने नाक दाबून एरंडेल पाजलं. जंत नव्हतेच, त्यामुळे जे गेलं ते माझंच गेलं.

आणि अशात बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं. पगारवाढ मागितली म्हणून मालकाने गेटच बंद केलं. आमच्या गल्लीत चहातलं दूध गेलं, मग साखर गेली. माझ्या डब्यात नुसते उकडलेले चणे. हरीश ते मिटक्या मारत खायचा. मी कोकी हाणायचो, आणि ढगळ शर्टाखाली मडकं वाढत राहायचं. बाबा दिवसभर गेटवर, त्यांना पत्ताच नाही.

एक दिवस गेटवर मोठी सभा होती. मी हरीशला घेऊन गेलो, त्याला मजा बघायची होती. पुढारी मुंबईहून आले होते. बोलता बोलता आवाज कापरा करून म्हणाले, "मालकाची पोरं लोण्यावर वाढतात, आणि आमच्या पोरांच्या बरगड्या मोजून घ्या!"

बाबांनी उत्साहाने मला धरलं आणि थेट टेबलावर चढवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर माझा जुनाच सांगाडा होता ना!

"बाळा, शर्ट वर कर," पुढारी गदगदून म्हणाले. "बघू दे त्या मालकाला!"

मी कुजबुजलो, "साहेब, नको."

"लाजू नकोस!" म्हणत त्यांनी स्वतःच शर्ट वर ओढला.

टुण्णकन पोट बाहेर!

मग मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, चुकून मालकाचा पोरगा चढवला काय?"

हशा पिकला. गेटवरचा वॉचमन लोखंडी गज धरून हसत होता. पण पुढच्या रांगेतला एक जण हसला नाही. "आमच्याकडे चूल पेटत नाही," तो बाबांकडे बघत म्हणाला, "मग यांच्याकडे लोणी कुठून येतं?"

बाबांचा चेहरा पांढराफटक. मी घाबरून माईकच धरला. "हे पोट माझं नाही! हे हरीशचं आहे!"

आता सांगा, याहून चांगलं कुणाला सुचलं असतं?

हरीश बिचारा धावत टेबलावर आला. "अंकल लोग, ये सच बोल रहा है! मैं इसका चना खाया, ये मेरा घी खाया!" आणि पुरावा म्हणून त्याने बाही वर करून दंड फुगवला.

पुढारी कसलेले. त्यांनी तो दंड झटकन वर धरला. "बघा! ही आहे कामगाराच्या चण्याची ताकद!" टाळ्यांचा कडकडाट. कापडवाल्या शेठच्या मुलाला कामगारांनी खांद्यावर घेतलं, घोषणा देत मिरवलं. मला मात्र टेबलावरून खाली उतरवायलाही कुणी थांबलं नाही.

बाबांवरचा संशय फिटला, पुढे टाळंही उघडलं. पण मला त्या दिवसापासून सगळं अंबरनाथ 'शेठ' म्हणायला लागलं. पानवाला शेठ, रिक्षावाला शेठ! काही वर्षांनी बदलापूरहून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी गल्लीत चौकशी केली, तर जो तो म्हणे, "शेठ ना? शेठ माणूस एकदम!" त्यांनी ताबडतोब होकार दिला.

बायको अजून विचारते, "अहो, ते दुकान नक्की कुठे आहे?"