सुई सोसत नाही

इतकी वर्षे लोटली, तरी त्या बाईचा सुजलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना वळसंगचा एक शेतकरी ठाण्यात आला. शहरात दिलेली त्याची धाकटी बहीण आदल्या संध्याकाळी तडकाफडकी वारली होती. नवऱ्याने काहीतरी चारले आणि घटकाभरात ओठ-डोळे सुजून ती गेली, असे शेजारणीने त्याच्या कानावर घातले होते.

"माज्या भनीला इख घातलंय, साहेब. त्याला सोडू नका," तो म्हणाला. मी फिर्याद लिहून घेतली.

पंचनामा करून प्रेत सिव्हिलला पाठवले आणि नवऱ्याला उचलून आणले. तो गिरणीत कामाला होता, ती घरी विड्या वळायची. मी दरडावले, तेच प्रश्न उलटसुलट विचारले. खोटे बोलणारा दर जबाबाला चार वाक्ये वाढवतो, असा माझा अनुभव. हा एकही वाढवेना. तिच्या पायाची जखम चिघळली होती, म्हणून त्याने तिला दवाखान्यात नेले. डॉक्टर पेनिसिलिनचे इंजेक्शन देणार होते. याने हात जोडले, सुई नको म्हणाला. बायका सुईला भितात, हे डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातले, त्यांनी त्याऐवजी नव्याने निघालेल्या कॅप्सूल दिल्या. भाकरी खाल्ल्यावर पहिली कॅप्सूल याने दिली. तिचे तळहात खाजू लागले, घसा दाटला आणि दवाखान्यात परत नेताना टांग्यातच तिने मान टाकली.

"औषद मीच दिलं, साहेब. माज्या हातानं दिलं. पर त्यात इख नव्हतं," हेच त्याचे पालुपद.

माझा विश्वास बसला नाही. कॅप्सूल उघडून भुकटी बदलणे काही अवघड नसते. उरलेल्या कॅप्सूल आणि व्हिसेरा मी तपासणीला पाठवला. अहवाल यायला बराच वेळ गेला. कॅप्सूलमध्ये औषधच होते, पोटात विषाचा मागमूस नव्हता. मी चक्रावलो आणि शवविच्छेदन करणाऱ्या सरकारी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, घसा आतून सुजून श्वास कोंडला. या कॅप्सूल पेनिसिलिनच्याच भाऊबंद. नाव निराळे, रंग निराळा, पण आतली कडी तीच. त्या कडीमुळे जंतूला आपली भिंत उभारता येत नाही आणि तो मरतो. पण एखाद्याच्या शरीराला ते औषध वैरी वाटते, मग सुईतून जावो की तोंडातून, शरीर त्याच्यावर तुटून पडते आणि माणूस जातो. बाईला पूर्वी कधी पेनिसिलिन दिले होते का, एवढे विचारा.

मी भावाला बोलावले. नवराही समोर बसला होता. भावाने सांगितले, लग्नाआधी तिला ताप आला, तेव्हा गावात पेनिसिलिनची सुई दिली होती. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, मरता मरता वाचली. तेव्हापासून घरात ठरून गेले की हिला सुई सोसत नाही.

"लग्नात मीच दाजींना बजावलं की. हिला सुई टोचू देऊ नका, गोळ्या मागून घ्या." हे सांगताना त्याचा सूर अजून तक्रारीचाच होता.

मग मला सांगावे लागले. सुईचा काही दोष नव्हता, दोष सुईतल्या औषधाचा होता. नवरा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. विषाचा आरोप त्याने ताठ मानेने सोसला होता, पण हे ऐकून तो पार खचला. पुढे मी त्याला कधी धड बोलताना पाहिले नाही.

दुष्टाव्याने कुणी मारले तर बेड्या घालता येतात. मायेने, काळजीने मारले तर काय करायचे, हे मला कुणी शिकवले नव्हते आणि नोकरी संपेपर्यंत उमगलेही नाही. तेव्हापासून घरात कुणी आजारी पडले की मी एकच विचारतो, कुठले औषध सोसत नाही, त्याचे नाव सांगा. बाकी या प्रकरणाने मला काही दिले नाही.

आकस्मिक मृत्यू म्हणून कागद बंद करायचे होते. फिर्याद मागे घेतोस का, असे मी भावाला विचारले.

"मागं नगं, साहेब. ऱ्हाऊ द्या तशीच. दाजींचं नाव तेवडं काडा आन माजं घाला."

तसे कलम नाही, एवढेच मला त्याला सांगता आले.