सुभेदारांनी पास केलेला एक्सल

सुभेदार जगतापांच्या हाती लोखंडाची कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती दोरीला टांगत आणि मग हातोडीने वाजवून बघत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बायकोने नवीनच आणलेला बिडाचा तवासुद्धा त्यांनी असाच खिडकीला टांगला होता. "चालंल," म्हणाले. "लोखंडालाच विचारायचं असतं, वहिनी. दुकानदार काय, भाभीजी भाभीजी करत कायपण गळ्यात मारील."

मूळचे साताऱ्याकडचे. लखनौच्या छावणीतल्या वर्कशॉपमध्ये फौजी गाड्या दुरुस्त करण्यात उमर गेली आणि निवृत्तीनंतर विकास नगरमध्ये घर बांधून राहिले. बँकेच्या बदलीने मी लखनौला आलो. दोन गल्ल्या पलीकडे मराठी बोलणारं माणूस आहे, एवढ्याच ओढीने त्यांच्याकडे गेलो आणि मग रोजचंच झालं. मला नाद होता हॉट रॉडचा. जुन्या मोटारीचा सांगाडा घ्यायचा, त्यात दांडगं इंजिन बसवायचं आणि पुढची चाकं उघडी ठेवायची. बायको त्या धुडाला 'ह्यांची दुसरी' म्हणायची. सुभेदार मात्र संध्याकाळी पाच म्हणजे पाचला हजर. कॉलनीतले मेकॅनिकही अडलं की त्यांना शोधत माझ्या अंगणात येत. "उस्तादजी, ज़रा देख लीजिए." सुभेदार मुद्दाम थोडा वेळ लावून उठत. निवृत्त माणसाला एवढा मान पुष्कळ असतो.

गाडी अडली ती पुढच्या एक्सलवर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर. अंगणात दोन एक्सल पडले होते. एक जुन्या व्हॅनचा, सुभेदारांनी चौकापलीकडच्या भंगारात तीन चकरा मारून शोधलेला. दुसरा मी कानपूरच्या एका कारागिराकडून नवा करून आणलेला. नव्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

"नवा म्हंजे काय रे? ज्याची अजून परीक्षाच झाली न्हाई, तो. ह्यानं वर्षानुवर्षं खड्डे खाल्लेत. ह्याला विचारू."

त्यांनी जुना टांगला आणि हातोडी मारली. मला ऐकू आला तो फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज. सुभेदारांचा चेहरा मात्र फुलला. "ऐकलंस? देवळातली घंटा हाय राव!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "जरा मोठ्यानं बोल, पंखा चालू हाय," असं ते हल्ली सारखं म्हणत. ऐन जानेवारीत, पंखा बंद असताना. वर्कशॉपातल्या घणांनी त्यांचे कान खाल्ले होते.

मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण शेजारी दोन मेकॅनिक उभे होते, आणि सुभेदार इतके खूश होते. "झकास वाजला, काका," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात ते पुतणीच्या लग्नाला साताऱ्याला गेले. तेवढ्यात मी नवा एक्सल बसवला. जुना दिसावा म्हणून त्याला काळा रंग फासला, वर ग्रीस आणि माती चोळली. जुना पोत्यात गुंडाळून पाण्याच्या टाकीमागे सरकवला. फार समजूतदारपणा केला, असं तेव्हा वाटलं होतं. स्वतःच्या त्या शहाणपणाची आज शिसारी येते.

सुभेदार परतले ते पिशवीतला कंदी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवून थेट गाडीखाली शिरले. पास केलेल्या वस्तूला ते खालच्या अंगाला टोकदार पंचने बारीकसा ठिपका मारून ठेवत, हे मला माहीत नव्हतं. बोट फिरवलं, ठिपका लागला नाही.

"जुना कुठाय?"

मी काढून दिला. त्यांनी तो डिझेलने न्हाऊ घातला, फडक्याने कोरडा केला आणि त्यावर पांढरा खडू घासला. मग आम्ही दोघे वाट बघत बसलो. पंधरा-वीस मिनिटांत खडूतून तेलाची एक ओली, काळपट रेघ वर आली.

"तडा हाय," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं."

"काका, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी…"

"कान गेलेत माझे. डोळे हायत ना? 'काका, आवाज बरा न्हाई,' एवढंच म्हणायचं होतं. हीच रेघ मी तुला त्या दिवशी काढून दाखवली असती. तू मला लहान पोरासारखं खेळवलंस."

पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. त्यानंतर ते आले नाहीत. मेकॅनिक त्यांच्या दारात जात तेव्हा सुभेदार म्हणत, "अब हम नहीं देखते, भैया." हळूहळू मेकॅनिक जायचेही थांबले. आपला निकाल आता कोणीही पाठीमागे फिरवेल आणि तोंडावर 'झकास' म्हणेल, ही भीती मीच त्यांच्या मनात घातली होती. फसवताना माझ्या मनात आदर होता म्हणून फसवणूक लहान होत नाही.

सहा महिन्यांनी त्यांनी घर विकलं. साताऱ्याला परत निघाले त्या सकाळी मी तीच गाडी घेऊन त्यांच्या दारात गेलो. स्टेशनपर्यंत सोडतो म्हणालो. जगतापकाकू बिचाऱ्या पदर सावरून पुढेही झाल्या.

सुभेदार गुडघ्यावर हात ठेवून वाकले. एक्सलवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला.

"एक्सल चांगला आहे," ते म्हणाले. "शंभर टक्के."

मला एकदम हलकं वाटलं. मी दार उघडून धरलं.

"भरवसा तुमच्यावर नाही, साहेब," ते म्हणाले, आणि रस्त्यावरच्या ई-रिक्षाला हात केला.