टायरवरून खुर्चीवर

आमच्या सासऱ्यांइतका पुढाऱ्यांवर अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. अविश्वास काय, आपण सगळेच ठेवतो. पण आपण तो चहाबरोबर तोंडी लावतो आणि पुन्हा कामाला लागतो. सासऱ्यांचं तसं नाही. कपाशी आणि तूर हा त्यांचा जोडधंदा आहे, मुख्य व्यवसाय अविश्वास. टीव्हीवर एखाद्या मंत्र्याने यंदा पाऊस चांगला होणार म्हटलं की हे पेरणी लांबवतात. एका पुढाऱ्याने भाषणाच्या भरात 'सूर्य पूर्वेलाच उगवतो' असं काहीसं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी हे पहाटे उठून अंगणात जाऊन पाहून आले, असं सासूबाई सांगतात. सासूबाईंना वाढवून सांगायची सवय आहे, पण सासऱ्यांच्या बाबतीत त्यांना फारसं वाढवावं लागत नाही.

मी यवतमाळला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. मुलगी पाहायला गेलो तेव्हा पगार, शेती, व्यसन असले प्रश्न निघायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "नोकरी कोन्या पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर लागली?" मी म्हटलं, कुणाच्याच नाही, मुलाखत देऊन लागली. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत निरखलं. मग आत गेले आणि बाहेर बसलेल्या आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगा एक तं लबाड हाय, नाही तं येडा. पन त्याच्या घरात पुढारी कोनीच नाही. देऊन टाकू." असा माझा विवाह ठरला. त्या दोन्हींपैकी मी नेमका कोण, याचा निकाल अजून लागलेला नाही, आणि मीही कधी विचारलेलं नाही.

त्यांच्या गावाला जायचं तर दिग्रसहून पुसदकडे जाणारी एसटी एका फाट्यावर सोडते. फाटा आणि गाव यांच्यामध्ये नाला आहे, आणि त्या नाल्यावर पूल होणार आहे. माझ्या बायकोच्या जन्माच्या आधीपासून तो होणार आहे. दर निवडणुकीच्या तोंडावर कुणीतरी येतं, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली कुदळ काढतं, नारळ फोडतं आणि गळ्यातले हार सांभाळत गाडीत बसून जातं. सासरे या कार्यक्रमाला न चुकता हजर असतात, ते नारळासाठी. फुटलेल्या नारळाचे तुकडे ते गोळा करून घरी आणतात आणि सासूबाईंना चटणी करायला लावतात. "पूल नाही झाला, पन त्याचं खोबरं लय खाल्लं," असं ते पाहुण्यांना ताटात चटणी वाढताना सांगतात. पुढारी गाडीत बसता बसता जे म्हणतो ते 'होऊन जाईल' हे दोन शब्द त्यांच्या घरात कुणी उच्चारायचे नाहीत असा दंडकच आहे. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला मी कशावरून तरी 'होऊन जाईल' बोलून गेलो, तर बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. पण तोवर सासरे जेवणावरून उठलेच होते.

प्रचाराच्या दिवसांत उमेदवार घरोघर फिरतात, तेव्हा सासऱ्यांच्या ओसरीवर त्यांना फक्त पाणी मिळतं. चहा मिळत नाही. एवढ्या मानाच्या माणसाला नुसतं पाणी, म्हणून सासूबाईंचा जीव अर्धा होतो. त्या माहेरच्या फुलसावंगीच्या, पाहुणचाराला सढळ. सासरे त्यांना समजावतात, "अवं, चहा पुन्हा येनाऱ्याले असते. हे कोठी पुन्हा येनार हाय?" एका तरुण उमेदवाराने मात्र त्यांना गाठलं. ओसरीवर चढता चढता तो एकदम वाकला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि त्याच्याबरोबरच्या पोट्ट्यांनी तेवढ्यात फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर फिरला, खाली 'ज्येष्ठांचे आशीर्वाद' असं लिहून. सासरे रातोरात नव्हे, दिवसाउजेडी, सगळ्यांना नीट दिसेल अशा वेळी घरोघर गेले आणि सांगून आले, "पाय माहेच हाय. पन आशीर्वाद देल्ला नाही."

एवढं असून मतदान त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, आणि रांगेत पहिला नंबर. मत कुणाला दिलं ते सासूबाईंनाही सांगत नाहीत. बोटाला लागलेल्या शाईवरही त्यांचा संशय. पाणी घालून पातळ केली असणार म्हणून ते घरी आल्यावर साबण, लिंबू, रॉकेल असं सगळं लावून ती घासून पाहतात. शाई काही हटत नाही. अखेर थकून म्हणतात, "सरकारची येवढी एकच वस्तू पक्की हाय."

पण सासऱ्यांना खरं पाहायचं तर फाट्यावर, रशीदभाईंच्या गॅरेजसमोर. रशीदभाई ट्रॅक्टर दुरुस्त करतात. त्यांच्या दारात ट्रॅक्टरचे जुने टायर आडवे टाकलेले आहेत आणि त्यांवर सकाळ-संध्याकाळ गाव बसतं. कपाशीचे भाव, सोयाबीनवरची अळी, कुणाच्या घरी कोण आलं, हे सगळे विषय तिथे निघतात. पण शेवटी गाडी पुढाऱ्यांवर येते आणि तिथून हलत नाही. ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना तिथे एकाच मापाने शिव्या मिळतात, पक्ष पाहिला जात नाही. सासऱ्यांचा एक ठरलेला टायर आहे, भिंतीकडचा. तिथे मांडी घालून ते बोलायला लागले की स्वतः रशीदभाई पाना खाली ठेवून ऐकत. त्या टायरवर मी त्यांना जितकं सुखी पाहिलं आहे तितकं मुलीच्या लग्नातही पाहिलं नाही. माणसं हसून हसून पोट धरायची, आणि सासरे मात्र गंभीर चेहऱ्याने पुढच्या पुढाऱ्याकडे वळायचे.

घात झाला तो याच टायरवर. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीत सरपंचपद खुलं होतं आणि गावात दोन तट पडले. हा तट त्याच्या माणसाला चोर म्हणे, तो तट याच्या माणसाला, आणि दोघांचंही खरं होतं. भांडण हातघाईवर येणार असं दिसलं तेव्हा रशीदभाई ट्रॅक्टरखालून डोकं बाहेर काढून म्हणाले, "अरे, इनकोच खडा कर दो ना! किसीपे भरोसा नहीं करते, तो कमसे कम खुदपे तो नजर रखेंगे." लोक हसले. मग हसायचे थांबले. आणि गावात इतर कुठल्याही गोष्टीवर होत नाही ते एकमत सासऱ्यांवर झालं.

सासरे हबकले. "मी उभा राह्यलो तं मी बी पुढारीच झालो ना बे! मंग माह्यावर मी कसा भरोसा ठेवू?" हा प्रश्न त्यांनी मलाही फोन करून विचारला. मी तर्कशास्त्र शिकवतो, पण मला उत्तर देता आलं नाही. शेवटी ते एका अटीवर तयार झाले. त्यांनी टायरवर बसलेल्या सगळ्यांकडून वचन घेतलं: "मले शिव्या देनं बंद कराच्या नाही. आनि मांगून नाही, तोंडावर. ज्या दिवशी तुमी माह्यासमोर चूप बसले, त्या दिवशी मी गेलो समजा." सगळ्यांनी हो म्हटलं. समोर दुसरा अर्जच आला नाही आणि आमचे सासरे अविरोध सरपंच झाले.

सुरुवातीचे दिवस फार मजेचे गेले. गावातल्या सांडपाण्याच्या नालीचं काम निघालं, तर हे लोखंडी सब्बल घेऊन रोज स्वतःच करवून घेतलेलं काम ठोकून पाहत. स्वतःच्या सहीचा कागद दुसऱ्याने लिहिल्यासारखा डोळ्यांजवळ धरून वाचत. सासूबाईंना त्यांनी बजावून ठेवलं होतं की घरात कुणी मिठाईचा डबा आणला तर डबा आणि माणूस दोन्ही ओसरीवरच ठेवायचे. पण नाल्यावरचा पूल काही ग्रामपंचायतीच्या हातातला नव्हता. त्यासाठी ते यवतमाळच्या कचेऱ्यांमध्ये खेटे घालू लागले. सकाळच्या एसटीने येत, दुपारी आमच्याकडे जेवत, आणि ज्या साहेबाला भेटायचं तो नेहमी दौऱ्यावर असे. एका सकाळी सासूबाई त्यांना म्हणाल्या, मागच्या दाराची कडी तुटली आहे, कुणाला तरी बोलवा. हे निघायच्या घाईत म्हणाले, "होऊन जाईल."

सासूबाई म्हणतात, त्यानंतर घरात इतकी शांतता झाली की चुलीवरच्या भाताचा आवाज येत होता. सासरे उंबरठ्यावरच उभे राहिले. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, हातोडी घेतली आणि स्वतः कडी बसवली. वाकडी बसली. त्या दिवशी ते यवतमाळला आलेच नाहीत.

ही गोष्ट ऐकून मी त्याच शनिवारी गावाकडे निघालो. फाट्यावर उतरलो तर टायरवर मंडळी जमलेली होती, सासरे नव्हते. मला पाहून सगळ्यांना उमाळा आला. जावई म्हणजे तक्रार करायला हक्काचं माणूस. "तुमचा सासरा बी त्यातलाच निघाला, जवाई," एकाने सुरुवात केली. "पुलाचं विचारलं तं म्हन्ते, वरून मंजुरी याले पाह्यजे! अरे, हे तं पयलेचे बी सांगत होते." दुसऱ्याने नालीवरून तोंडसुख घेतलं, तिसऱ्याने रस्त्यावरच्या बंद पडलेल्या दिव्यांवरून. हाताला लागलेलं ग्रीस पुसत रशीदभाई म्हणाले, "बुढा इमानदार है, पर कामका कुछ नहीं." सगळे खो-खो हसले. मी म्हटलं, मग हे त्यांच्या तोंडावर का म्हणत नाही? वचन दिलं होतं ना? मग हळूहळू कारणं निघाली. एकाला सरपंचांकडून दाखला काढायचा होता, एकाचा घरकुलाचा अर्ज अडकला होता. रशीदभाई मात्र मनापासून म्हणाले, "मुँहपे कैसे बोलें, जवाईबाबू? दिनभर धूपमें फिरते बेचारे हमारेच वास्ते. दिल नहीं होता."

तेवढ्यात नाल्याकडून सासरे येताना दिसले. गप्पा जागच्या जागी थांबल्या. टायरवरची माणसं उठून उभी राहिली. रशीदभाई आत गेले आणि एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले, फडक्याने पुसली, आणि म्हणाले, "आइए सरपंचसाब." सासऱ्यांनी भिंतीकडच्या टायरकडे पाहिलं. मग ते खुर्चीवर बसले. सगळ्यांना चहा ग्लासात आला, त्यांना कपबशीत. पाऊसपाण्याच्या चार गोष्टी झाल्या. कुणी हसलं नाही. चहा संपताच सासरे उठले आणि "चला जवाईबुवा" म्हणाले.

नाल्याला पोटरीभर पाणी होतं. काठावर थांबून त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, पण पाण्यात पाय टाकला नाही.

"मी येन्याच्या पयले हासून राह्यलते ना सारे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय बोलत होते?"

मी खोटं बोलणार होतो. पण ज्यांना आयुष्यभर लोक खोटं बोलतात असंच वाटत आलं आहे त्यांच्याशी निदान मी तरी का बोलावं, असं वाटलं. मी म्हटलं, "तुम्हालाच शिव्या देत होते, मामाजी."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मले? काय म्हने? रशीद काय म्हने?" मी सगळं सांगितलं, पूल, नाली, दिवे, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते, मधूनच मान डोलावत होते. दिव्यांचं ऐकून म्हणाले, "हे बराबर हाय त्याईचं." आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"मंग मले काहून नाही म्हनत? शब्द देल्ला होता त्याईनं."

"मान ठेवतात तुमचा, मामाजी."

"मान पुढाऱ्याले भेटते, जवाईबुवा," ते म्हणाले. "आपल्या मान्साले शिव्या भेटते."

मग तेच पुढे म्हणाले, "तुमी तं घरचे हा. तुमाले दाखला नोको, घरकुल नोको. तुमी द्या एक. तोंडावर."

आता जावयाने सासऱ्याला शिवी द्यायची, तीही त्याच्या सांगण्यावरून, हे माझ्या शिक्षणात कुठे नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हटलं, "तुम्ही... एकदम लबाड आहात, मामाजी."

त्यांनी मान हलवली. "नाही जमलं. मनातून नाही आली."

मनातून येणार कुठून? माझा या माणसावर पूर्ण विश्वास आहे, आणि नेमकी तीच गोष्ट त्यांना सांगायची सोय नाही. सांगितली असती तर 'याला आता माझ्याकडून काय पाहिजे?' असा संशय त्यांना त्या क्षणापासून आला असता आणि तो जन्मभर गेला नसता. म्हणून मी त्यांच्या हातातल्या चपला घेतल्या. "अवो, जवायानं सासऱ्याच्या चपला धराव्या काय?" असं ते ओरडत होते, पण एक हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला होता, आणि आम्ही दोघं दगड चाचपत पाण्यातून पलीकडे निघालो.