हरलेला भाग कापायचा नाही

आमच्या माडीवर भाड्याने राहिलेल्या अर्थशास्त्राच्या सरांइतका हट्टी माणूस अख्ख्या रत्नागिरीत झाला नाही. आणि हे मी सांगतोय, ज्याला घासाघीस करायला येताना पाहून मांडवीच्या कोळणी टोपलीवर फडकं टाकतात. सर कॉलेजच्या मुलांसाठी मोबाइलवर धड्यांचे व्हिडिओ करायचे. आवाज नको म्हणून पंखा बंद, अंगातून घामाच्या धारा. बाहेर कावळा ओरडला तर त्याला हात जोडायचे. मागे संगीत नाही, नाचरी अक्षरं नाहीत. एका व्हिडिओत एकच गोष्ट. मात्र समोर जिवंत माणूस हवा. "भिंतीला शिकवलं, तर भिंतच शिकते," म्हणायचे.

माझी मुलगी त्यांच्याच विषयात दोनदा नापास झालेली. आता परत नापास झाले तर कॉलेज सोडणार, असं तिनं जाहीर केलं होतं. मी चौथी शिकलेला हार्डवेअरवाला. तावातावाने वर गेलो. "सर, तुमच्या व्हिडिओने पोरीला झोप येते!" सर चक्क खूश झाले. "मग शेट, तुम्हीच बसा समोर."

भाव वाढला की मागणी घटते, त्यांनी सांगितलं.

"नाय पटला! गणपतीत फुलं महागतात, तरी झुंबड असतेच ना?"

"ती झुंबड गणपती आहेत म्हणून. त्याच दिवशी शेजारचा फुलवाला स्वस्त देत असला तर?"

"तर त्याच्याकडे जाईन. मी काय खुळा आहे?" म्हणालो, आणि सपशेल हरलो.

"तेवढा शेवट कापा," मी दरडावलं.

"तो कापला तर उरलं काय? पोरांच्या मनात हीच शंका असते, लाजेने विचारत नाहीत. तुम्ही त्यांच्या वतीने चुकता."

व्हिडिओ कॉलेजभर फिरला. पोरं खिळे घ्यायला येऊन, "काका, शेजारी स्वस्त आहे हां!" म्हणत भाव पाडू लागली. तो राग अजून गेलेला नाही. तरी दर रविवारी नवी हरकत शोधून मी वर जायचोच. मुलगी जिन्यात बसून ऐकायची. एकदा तिथूनच ओरडली, "बाबा, परत तिथंच अडकलात! थांबा, मी सांगते." आणि तिनं सांगितलं. सरांनी तेही ठेवलं. त्या वर्षी ती पास झाली.

सर निवृत्त होऊन गुहागरला गेले. माडीवर नवा भाडेकरू आला. मी मुद्दाम भाडं चढवून सांगितलं. त्याने मान हलवली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली दिली, तरी मी थोडा वेळ दारातच रेंगाळलो. भाड्यावरून काहीतरी बोलेल म्हणून.